पाळण्याला जायचंय

सत्यमला अवघड गोष्टी निवांतपणे सांगायच्या असत. त्याच्या आयुष्यात निवांतपणा काही येत नसे, त्यामुळे अवघड गोष्टी जिथल्या तिथं राहत. मूल इतक्यात नको, हे त्याने आणि मोनिकाने लग्न झालं त्याच वर्षी ठरवलं होतं. खरं तर आधी तोच म्हणाला होता. शेंद्र्याच्या कारखान्यात दोघांच्याही पाळ्या बदलत्या, त्यात प्रयोगशाळेतलं तिचं काम तेव्हा कुठं रुळावर येत होतं. तिलाही ते पटलं. घरी सांगायचं काम सत्यमने आपणहून अंगावर घेतलं, "निवांत सांगतो" म्हणाला आणि त्याला तीन वर्षं झाली.

तोवर विचारणारे मोनिकालाच विचारत राहिले. समोरच्या काकू भाजी घेताना विचारत. नात्यातल्या बायका हळदीकुंकवाला तिच्या ओटीत नारळ घालताना डोळे मिचकावून विचारत. "काय मग, काही गोड बातमी?" हे ऐकताना सत्यम जवळ असला, तर तो नेमका त्याच क्षणी कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला उठे. हे मोनिकाने इतक्यांदा पाहिलं होतं की तिला त्यात नियमच दिसू लागला होता: प्रश्न आला की कूलर. हिवाळ्यात कूलर माळ्यावर गेला, तेव्हा ती आशेने बघत होती. त्या मोसमात तो गॅसची टाकी हलवून बघू लागला.

"आता जो कोणी विचारेल ना, त्याला मी सरळ तुझा नंबर देणार," ती शेवटी म्हणाली.

मग त्याला आनंदबन सुचलं. शिर्डीच्या पुढचं ते मोठं पार्क. पाण्याचे तलाव, घसरगुंड्या, आगगाडी आणि सगळ्यात मोठा म्हणजे पाळणा.

"आईला घेऊन पाळण्यात बसतो," सत्यम म्हणाला. "वर गेल्यावर सांगतो. वरून ती उठून जाऊ शकत नाही."

"तूही जाऊ शकत नाहीस."

"हां, तेही आहे," तो जरा पडेल आवाजात म्हणाला.

मोनिकाला योजना आवडली. कूलर नसलेली एवढी उंच जागा दुसरी कुठली मिळाली असती?

घरात बातमी सांगितल्यावर सगळ्यात जास्त हरखल्या त्या सासूबाई, मनकर्णाबाई. नवीन लग्न झालेलं असताना कर्णपुऱ्याच्या जत्रेत त्यांना पाळण्यात बसायचं होतं आणि नवऱ्याने, म्हणजे नानांनी, बसू दिलं नव्हतं. ती गोष्ट त्या दर नवरात्रात काढत. या खेपेला त्यांनी वेळ न दवडता कन्नडला नणंदेला, वच्छलाबाईंना, मोबाइलवर आवाजी निरोप धाडला. त्या निरोप नेहमी मोठ्याने बोलत, कारण कन्नड लांब आहे.

"आक्का, आमच्याकडं पाळण्याचं ठरतंय बरं का! मोनिकाच्या लई दिवसाचं मनात व्हतं, आत्ता जमलं. ऐतवारी या, समदं ठरवू. अप्पाला बी सांगा."

मोनिका शेजारीच कणीक मळत होती. सासूबाईंनी स्वतःची हौस तिच्या नावावर खपवली, एवढं सोडलं तर तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी सकाळी टीव्ही सेंटरजवळच्या त्या घरात चहा झाल्यावर बैठक बसली. "सगळं निवांत करायचं, धावपळ नको," असं सत्यमने सुरुवातीलाच जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना, म्हणजे कारभारी, यांनी चष्मा लावला.

"निघायचं कव्हा?"

"निवांत, नऊपर्यंत."

"नऊला निघून काय ऊन बघायला जायचं? चारला निघू."

"नाना, पार्कच साडेदहाला उघडतं."

"मंग वाटंत शिर्डी करू."

"शिर्डी करायची तर शिंगणापूर कामून सोडायचं?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

शिंगणापूर वाटेत नाही, हे मोनिकाने नकाशा दाखवून सांगितलं. नानांनी नकाशा लांब धरून पाहिला आणि त्यांना तो पटला नाही. "इथून तर बोटभर हाय," ते म्हणाले.

मग जेवणाचा विषय निघाला. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, असं सत्यमने सांगितलं.

"दशम्या बी?"

"दशम्या बी."

"दशमी काय बाहेरची हाय का? घरचीच तर हाय!"

पाण्यात साडी चालत नाही, तिथं नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात, हे सांगायची जबाबदारी सत्यमने मोनिकाकडे सरकवली. मनकर्णाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दुसऱ्यानं घातलेले?"

"धुतात ते, आई."

"म्या काठावर बसंन. मला तसंही फकस्त पाळण्यात बसायचंय. तवा यांनी बसू दिलं नाय, म्हणे तुला चक्कर येईल."

"मला येती," नाना चष्मा पुसत म्हणाले. "तवा सांगता येत नव्हतं."

एवढ्या वर्षांनी निघालेल्या या खुलाशावर मनकर्णाबाई काही बोलणार, तोच नानांना त्याहून मोठी अडचण आठवली. पुढच्या रविवारी, म्हणजे जायच्याच दिवशी, नळाला पाणी यायची पाळी होती. या शहरात लग्नाची तिथी हलते, पाण्याची हलत नाही. "समदे पाण्यात डुंबाया जानार आन् हिकडं टाक्या कोरड्या! घरी कोण थांबनार?" असं त्यांनी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघत असतानाच दाराची घंटा वाजली.

दारात वच्छलाआत्या होत्या. त्यांच्या मागे फुलंब्रीचे अप्पा, नानांचे थोरले भाऊ अप्पाराव. आत्याबाईंना बसस्टँडवरून घेऊन ते गाडीने आले होते. एका जावळाच्या पंगतीत आत्यांच्या यजमानांना दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं, तेव्हापासून कामापुरता निरोप सोडला तर या बहीणभावांत बोलणं नव्हतं. आज मात्र दोघांचे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे फुगलेले होते, यावरून राग तिसऱ्या कुणावर तरी आहे हे मोनिकाने ओळखलं. कुणावर, ते कळेना.

"पाणी नको," आत्या आत येत म्हणाल्या. "आधी हातपाय धुते. बाहेरून आलं की तसंच जवळ जाऊ नाय." हातपाय धुऊन, पदराला पुसून त्यांनी मनकर्णाबाईंच्या कानाशी तोंड नेलं. "झोपलंय का?"

"नाय, समदे जागेच हायेत," मनकर्णाबाईही उगाच कुजबुजल्या.

अप्पा सोफ्याच्या अगदी कडेला टेकले. राग असला की ते कडेला बसत, मिटला की मागे रेलत.

"कारभारी, येवढी मोठी गोष्ट आन् आमाला आत्ता कळवतो? पार पाळण्यापाशी आल्यावर?"

"अप्पा, मोठी काय त्यात? एका दिवसाचं तर हाय. सकाळी जायचं, सांजच्याला माघारी."

"जायचं? पाळण्याला घर सोडून कुठं जायचं?"

"शिर्डीच्या पुढं."

अप्पांनी बहिणीकडे पाहिलं. बोलणं बंद असल्याचं दोघंही विसरले. "हॉल घेतला काय?" आत्यांनी विचारलं.

"हॉल कशाला आक्का? मोकळ्यावर हाय तो. लई उंच हाय म्हणं."

"उंच? कोण?"

"पाळणा."

"किती उंच?"

सत्यमचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं. तो तिकिटांच्या वेळा बघत होता. "दहा मजले तरी असेल, आत्या," तो म्हणाला.

"अगं माय! आन् त्यात ठेवनार?"

"घाबरायचं काही नाही. पट्ट्यानं बांधतात. वर गेला की मिनिटभर तसाच थांबवतात, म्हणजे शिर्डीपर्यंतचं दिसतं."

"लेकराला काय करायची शिर्डी?" अप्पा ओरडले.

"लेकरांना वेगळा छोटा असतो, अप्पा. या मोठ्यात तर मी आईला बसवणार आहे."

"बाळंतिणीला?" आत्या किंचाळल्या आणि त्यांनी मोनिकाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा खालपासून वरपर्यंत.

मोनिका रात्रपाळी करून आलेली होती, कारखान्याच्या गणवेशात होती आणि तिच्या हातात कपबशांचा ट्रे होता. ओली बाळंतीण दिसते तशी ती कुठल्याच बाजूने दिसत नव्हती.

सगळ्यांच्या आधी तिलाच उलगडा झाला. निरोपातली वाक्यं तिने मनात एकामागून एक पुन्हा ऐकली. पाळण्याचं ठरतंय. मोनिकाच्या लई दिवसाचं मनात व्हतं, आत्ता जमलं. त्यात दिवाळीला ती कन्नडला गेली नव्हती आणि त्यानंतर या दोघांच्या नजरेस पडली नव्हती. निष्कर्ष साफ चुकला होता, पण त्यात कच्चा दुवा एकही नव्हता. प्रयोगशाळेत तिने याहून ढिसाळ अहवालांवर सह्या होताना पाहिल्या होत्या.

"आत्या," ती ट्रे खाली ठेवत म्हणाली, "जत्रेतला पाळणा. गोल फिरतो तो. आपल्याकडं बारसं नाहीये."

आत्यांनी पिशवीत घातलेला हात बाहेर काढला. त्यात पिवळं झबलं होतं, लोकरीचं टोपडं होतं. पिशवीत खाली डिंकाच्या लाडवांचा डबा दिसत होता.

"मनकर्णे," आत्या म्हणाल्या, "पाळण्याला चक्री म्हण, रहाट म्हण, काय पायजे ते म्हण. पाळणा कामून म्हनली?"

"आक्का, पाळण्याला पाळणा नाय म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"म्या समद्या गल्लीला सांगून आले! नाव बी काढून ठेवलं व्हतं."

"काय काढलं?" नानांनी कुतूहलाने विचारलं. तो प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.

"पोरगी असली तर तनुजा. पोरगा असला तर शिवराज."

"शिवराज?" अप्पा म्हणाले. "आमच्या गल्लीत हाक मारली तर चार शिवराज ओ देत्यात. आपल्या बापाचं नाव मोतीराम. पहिल्या नातवाला आज्या-पणज्याचं नाव लागतं."

"मोतीराम ठेवा! शाळंत पोरं मोत्या, मोत्या करतील आन् बिस्कुट टाकतील!"

"बापाच्या नावाला कुत्रं म्हणती व्हय?"

"म्या नाय, पोरं म्हणतील. आन् नाव ठिवायचा मान आत्याचा असतो. सत्याला बहीण नाय, म्हंजी तो मान मव्हाच."

"आत्या लेकराची लागती, लेकराच्या बापाची नाय! तुव्हा मान सत्याच्या बारशातच संपला!"

"अप्पाचं बरूबर हाय," नाना म्हणाले. बापाचं नाव निघाल्यावर त्यांना बाजू घेणं भाग होतं.

"तुमी गप बसा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मोतीराम म्हणं! म्या नातवाला हाक काय मारू? सासऱ्याचं नाव तोंडानं घेऊ?" असं म्हणत त्या उठून नणंदेच्या शेजारी जाऊन बसल्या. बैठकीचे सरळ दोन भाग झाले, एकीकडे मोतीराम, दुसरीकडे शिवराज. ज्याच्यावरून हे चाललं होतं, तो या जगात कुठंच नव्हता, याची कुणाला अडचण वाटत नव्हती. मोनिकाला हसू आवरेना. ती कपबशांवर वाकून हसत होती, तेवढ्यात आत्यांचं लक्ष तिच्या हलणाऱ्या खांद्यांकडे गेलं आणि त्यांचा त्याबद्दल भलताच समज झाला.

"रडू नको माय," आत्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. भांडण जागीच विझलं. अप्पांनी खाली मान घातली. आत्यांनी मोनिकाला ओढून जवळ बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मोनिकाचं हसू गेलं. त्यांच्या रागाचं तिला काही वाटलं नव्हतं, राग खोट्या बारशावर होता. ही माया मात्र तिच्यावर होती आणि ती अंगावर पाल पडावी तशी तिला नकोशी झाली.

"दाखवलं का कोणाला? डॉक्टरला?"

"आत्या, तसं काही नाहीये."

"लाजू नको. आमच्याकडं एक बाई हाय, मुळी उगाळून देती. सत्यालाबी काय बोलायचं नाय, गुमान घेऊन जाते तुला. बायामाणसाच्या अंगात कायबाय कमीजास्त असतंच."

"म्या बी तेच म्हणती," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. "पर म्या सासू. म्या म्हनलं का टोचून बोलल्यावानी व्हतं."

मोनिकाने सत्यमकडे पाहिलं. ती नजर त्याला चांगली माहीत होती. सत्यम उठला. खिडकीपाशी गेला आणि कूलरचं झाकण वर करून आत पाहू लागला.

"पाणी हाय त्यात," नाना म्हणाले. "म्या सकाळीच भरलं."

सत्यमने झाकण लावलं. आता तिथं उभं राहायला काही कारण उरलं नव्हतं. तो वळला. चार वडीलधारी माणसं आणि एक बायको त्याच्याकडे बघत होती. पुढच्या रविवारी हीच सगळी आपल्याबरोबर येणार, दहा मजले वर आईला सांगायचं आणि खाली आत्या, अप्पा, झबलं, टोपडं उभं असणार, हे बहुधा त्याला आत्ताच दिसलं असावं.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "आज सगळ्यांचीच मनं जरा खट्टू झालीत. नळाचंही आहेच. तर आपण असं करू, सध्या पाळणा लांबवू."

मोनिकाने मान झटकन वर केली. वाक्य त्याच्याही कानात उशिराच पोचलं असावं, कारण बोलून झाल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. फुलंब्रीच्या पंचायतीच्या भिंतीवर हेच शब्द निळ्या रंगात वर्षानुवर्षं होते, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या शेजारी. त्या खोलीत ते न वाचलेलं कुणी नव्हतं.

मनकर्णाबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"कंचा?"

"म्हणजे?"

"कंचा पाळणा लांबवायचा? पार्कातला का घरातला?"

सुटायला वाट होती. "पार्कातला" एवढं म्हटलं की झालं असतं. सगळे हसले असते, डिंकाचे लाडू खाल्ले असते आणि मोनिकाला कन्नडला नेऊन मुळी पाजायचा दिवस ठरला असता. सत्यमला मदतीची सवय होती. अशा वेळी मोनिका दोन शब्द बोलून विषय बदले. आज मात्र वाफ जिरेपर्यंत कुकरचं झाकण उघडायचं नाही, तशी ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"घरातला," सत्यम म्हणाला.

मग त्याने पुन्हा सांगितलं. "घरातला, आई. आम्हीच लांबवलाय. मोनिकाला काही झालेलं नाही. मलाही नाही. आम्ही ठरवलंय, आणि आधी मीच म्हणालो होतो. तुला सांगतो सांगतो म्हणून राहिलं."

पाठीवर फिरणारा आत्यांचा हात थांबला. त्यांनी तो काढून घेतला आणि चुकून दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवल्यासारखा मांडीवर ठेवला.

"ठरवून?" अप्पा म्हणाले. "आरं, ते दोन पोरांच्या मधी लांबवायचं असतं! पहिल्याच्या आधी कुठं लिव्हलं व्हतं?"

"ते खाली बारीक अक्षरात आसंल," नाना पुटपुटले.

मनकर्णाबाई मात्र पोराकडे बघत होत्या. मोनिकाला पहिल्यांदाच भीती वाटली. तीन वर्षं तिने सासूबाईंच्या या क्षणाच्या किती तरी आवृत्त्या मनात मांडून पाहिल्या होत्या, रडण्याची, अबोल्याची, माहेरी निरोप धाडण्याची.

"तुला ठावं व्हतं," मनकर्णाबाई सावकाश म्हणाल्या, "म्या गुरवार धरलेत?"

"आई..."

"साबुदाणा खाऊन खाऊन मला पित्त झालं! त्या डॉक्टरनं इचारलं, बाई, कशाचे उपास करता? म्या म्हनलं, सुनंसाठी. तू तितंच बसला व्हता! तवा बी नाय बोलला?"

"मी तेव्हा..."

"तवा तू उठून पंखा बघाया गेला व्हता!"

मोनिकाला ही माहिती नवी होती. नियम तिला वाटला त्याहून व्यापक होता.

"आन् हिला म्या..." मनकर्णाबाईंचं बोट मोनिकाकडे गेलं, पण नजर गेली नाही. "हळदीकुंकवात बाया इचारायच्या, तवा म्या हिच्याकडं बोट दाखवायची. हिलाच इचारा म्हणायची. म्या लोकांसमोर हिला पुढं करत व्हते आन् तू माझ्या पुढ्यात दशम्या खात व्हता." बोट खाली आलं. मग जागेवरून सरकून त्यांनी मोनिकाच्या आणि सोफ्याच्या हाताच्या मधला तक्क्या काढला आणि तिच्या पाठीमागे खोचला.

आत्यांना इतका वेळ गप्प राहायची सवय नव्हती. त्यांनी झबलं गुंडाळून पिशवीत टाकलं आणि खुर्ची सत्यमच्या समोर ओढली.

"बरं, लांबवला तर लांबवला. पर कव्हर? एक साल? दोन साल? का पोरं नकोच तुमाला? नीट सांग. कन्नडला गल्लीत म्या काय सांगायचं?"

सत्यमच्या कपाळावर घाम आला होता. कूलर त्याच्या मागेच सुरू होता. त्याने घसा साफ केला, खाली पाहिलं, वर पाहिलं आणि मग नेहमीसारखं मोनिकाकडे पाहिलं.

"तिच्याकडं काय बघतो?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "इचारलं तुला."